बाहेरचं प्रकरण, घटस्फोट आणि खावटी: कायदा कुठे काय मोजतो

गावातल्या बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मुलाकडचे म्हणतात, "तिचं बाहेर होतं, आता तिले एक रुपया खावटी भेटत नाही." मुलीकडचे म्हणतात, "त्यानं दुसरी ठेवली, आता तो जेलात जाते अन् अर्धं वावर पोरीच्या नावावर होते." दोन्ही वाक्यं जशीच्या तशी चुकीची आहेत. त्यांच्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं पेशीला जात राहतात, आणि शेवटी निकाल हातात पडतो तेव्हा कळतं की भांडण एका गोष्टीवर झालं आणि कोर्टानं मोजली दुसरीच.

विवाहबाह्य संबंध ही गोष्ट एकच, पण कायदा ती पाच ठिकाणी तपासतो: घटस्फोट मिळतो का, खावटी किती, लेकरं कोणाकडे, वावर-घर-दागिने कोणाचे, आणि शिक्षा होते का. प्रत्येक ठिकाणचं माप निराळं आहे.

दोष न दाखवता घटस्फोट

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी १९७० पासून आणि इंग्लंडने ६ एप्रिल २०२२ पासून ही पद्धत आणली. संसार मोडला एवढं सांगितलं की घटस्फोट मिळतो. कोणाचं कोणाशी होतं हे तो देताना विचारतच नाहीत. बाहेरच्या संबंधाचा परिणाम उरतो तो पैशापुरता. म्हणजे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत लग्नाच्या सामाईक पैशातून प्रियकरावर किंवा प्रेयसीवर उधळलेली रक्कम वाटणीच्या हिशोबात धरली जाऊ शकते.

आपल्याकडे तसा सरळ कायदा नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना लागू होतो, म्हणजे विदर्भातल्या बहुतेक गावांतल्या बहुतेक लग्नांना. (मुस्लिम कुटुंबांचा कायदा वेगळा आहे.) हा मुळात दोष दाखवून घटस्फोट मागण्याचा कायदा. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात कलम १३-ब आलं, परस्पर संमतीचं, आणि आपल्याकडचा दोष न दाखवण्याचा दरवाजा तेवढाच. संसार पूर्ण मोडला हे स्वतंत्र कारण व्हावं म्हणून २०१० मध्ये संसदेत विधेयक आलं, २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण लोकसभेतून पुढे गेलं नाही. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली या कारणावरून लग्न संपवता येतं. पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. दर्यापूरच्या किंवा वरोऱ्याच्या कोर्टात "दहा वर्षांपासून वेगळे राहतो, संसार मेला" एवढ्यावर घटस्फोट होत नाही.

संमतीच्या दरवाजातून

इथे बाहेरच्या प्रकरणाला कायद्यात शून्य किंमत आहे. अर्जात ते लिहायची गरज नाही, आणि लिहूही नये. स्वभाव जुळत नाहीत, एक वर्षाहून जास्त काळ वेगळे राहतो, पुन्हा एकत्र येणं शक्य नाही, एवढं पुरतं. त्या कागदाची नक्कल उद्या लेकरांच्या हाती लागू शकते, हेही ध्यानात ठेवावं.

अर्ज दोघांनी मिळून करायचा. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दुसऱ्यांदा दोघांनी कोर्टापुढे उभं राहायचं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात. त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, आणि खावटी व लेकरांचा ताबा यांचा निकाल आपसात लागलेला असावा. माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्याने करता येतो.

बिघडतं ते पैशाच्या क्रमात. मुलाकडच्यांनी ठरलेली सगळी रक्कम आधीच देऊन टाकली आणि दुसऱ्या वेळी मुलगी आलीच नाही, किंवा मुलीने आधी सगळ्या केसेस मागे घेतल्या आणि पैसा आलाच नाही. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून साधारण निम्मी रक्कम पहिल्या अर्जाच्या दिवशी आणि निम्मी दुसऱ्यांदा कोर्टापुढे उभं राहण्याच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, कोर्टापुढे द्यावी. रोख देऊ नये. बैठकीत दिलेल्या रोखीची पावती कोणाकडेच नसते.

आणखी एक. छळाची पोलीस केस (आधीचं कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) चालू असेल तर तडजोडीत "केस मागे घेऊ" एवढं लिहून भागत नाही. ती आपसात मिटणारी केस नाही. रद्द करायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अर्ज करावा लागतो. कोणी करायचा, खर्च कोणाचा, बाई संमतीचं शपथपत्र कधी देणार, हे तडजोडपत्रात तारखेसह लिहून घ्यावं. आणि लेकराची खावटी आईबापाने सोडून दिली तरी लेकराचा हक्क संपत नाही.

बाहेरच्या प्रकरणाचा इथे एकच परिणाम होतो, तो बोलणीत. ज्याची बाजू लंगडी तो लवकर राजी होतो, दोन पैसे जास्त देतो किंवा कमी घेतो. हा बोलणीतला दबाव आहे, कायद्यातला हक्क नाही, आणि तो ताणायला गेलं की संमतीचा दरवाजा बंद होतो.

आरोप करून

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ (१) प्रमाणे लग्नानंतर जोडीदाराखेरीज दुसऱ्या कोणाशी स्वेच्छेने शरीरसंबंध ठेवला, तर त्या जोडीदाराला घटस्फोट मागता येतो. १९७६ च्या आधी "व्यभिचारात राहत असणं" दाखवावं लागे. आता एक प्रसंग सिद्ध झाला तरी पुरतो. लग्नाआधीचं प्रकरण यात येत नाही. बळजबरी झाली असेल तर तेही नाही, कारण शब्द "स्वेच्छेने" असा आहे. फोनवरचं रात्र-रात्र बोलणं, मेसेज, सोबत फिरणं हा कायद्याच्या भाषेत व्यभिचार नाही, पण त्याने जोडीदाराला मनस्ताप झाला हे दाखवता आलं तर "क्रूरता" या वेगळ्या कारणात बसू शकतं. म्हणून अनुभवी वकील दोन्ही कारणं सोबत लिहितात.

केस फसण्याची पहिली जागा म्हणजे माफी. कलम २३ प्रमाणे अर्जदाराने ते कृत्य माफ केलेलं नसावं. सगळं कळल्यावर चार सोयरे बसले, बायकोला परत नांदायला आणलं, वर्षभर संसार झाला, आणि मग त्याच जुन्या प्रकरणावर अर्ज केला, तर कोर्ट विचारणारच. नंतर पुन्हा तेच झालं तर जुनी माफी गळून पडते, पण "पुन्हा झालं" हे वेगळं सिद्ध करावं लागतं. दुसरी जागा वेळेची: लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय, अपवाद सोडता, घटस्फोटाचा अर्जच घेता येत नाही. तिसरी जागा म्हणजे तिसरा माणूस. ज्याच्याशी संबंध असल्याचं म्हणता त्याचं नाव, गाव, कधी, कुठे हे अर्जात लागतं आणि त्याला सहसा प्रतिवादी करावं लागतं. "गावातल्या कोणाशी तरी" असं लिहिलेला अर्ज पहिल्या उलटतपासणीत कोसळतो.

पुरावा

कोर्टाला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागत नाही; तो कुठून आणणार? दिवाणी केसचं माप "हे घडलं असण्याची शक्यता जास्त आहे का" असं असतं. दोघांची ओढ होती आणि संधीही होती, हे परिस्थितीवरून दाखवावं लागतं. लॉजचं रजिस्टर, तिथे दिलेली ओळखपत्रं, एसटीची तिकिटं, फोटो, पत्रं, स्वतः पाहिलेल्या शेजाऱ्याची साक्ष. "सगळं गाव म्हणते" ही साक्ष नाही. गावातलं कुणी उभं राहून "मी त्या रात्री अमुक वाजता त्याला तिच्या घरातून निघताना पाहिलं" म्हणालं तरच ती साक्ष, आणि तेवढं म्हणायला गावात फार थोडे तयार होतात, कारण उद्या त्याच बांधावरून जायचं असतं.

मोबाइलचा पुरावा सगळ्यात जास्त आणला जातो आणि सगळ्यात जास्त वाया जातो. नुसते स्क्रीनशॉट छापून जोडले तर समोरचा "हे बनवलेलं आहे" म्हणतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारी आकड्या-अक्षरांची खूण. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका, दुरुस्तीला देऊन फॉरमॅट होऊ देऊ नका. कॉल रेकॉर्ड आणि टॉवर लोकेशन कंपन्या कायम ठेवत नाहीत, लॉजचं सीसीटीव्ही तर काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायला लावण्याचा अर्ज सुरुवातीलाच करावा. नवरा-बायकोने एकमेकांचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं फोनवरचं बोलणं वैवाहिक केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी सांगितलं. याचा अर्थ दुसऱ्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकायला मोकळीक मिळाली असा नाही. त्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली उलट गुन्हा अंगावर येऊ शकतो.

डीएनए चाचणीबद्दल फार मोठा गैरसमज आहे. लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यावर आई अविवाहित असताना २८० दिवसांत झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. हे मोडायचं तर त्या काळात दोघांना एकमेकांजवळ येण्याची संधीच नव्हती, हे दाखवावं लागतं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला नवरा मधे दोन दिवस होळीला घरी येऊन गेला असेल, तर हे टिकत नाही. बायकोचा दोष सिद्ध करायला लेकराची चाचणी सरसकट मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२३ च्या निकालात ठामपणे म्हटलंय. हे योग्यच आहे. ज्या लेकराचा या भांडणात काही दोष नाही त्याच्या कपाळावर "कोणाचं" असा शिक्का मारून कोणाचंच भलं होत नाही.

आणि खोटा आरोप? सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की बायकोच्या चारित्र्यावर लेखी जबाबात केलेले बिनबुडाचे आरोप हीच मानसिक क्रूरता आहे, आणि त्यावरून तिला घटस्फोट मिळू शकतो. नंतर ते शब्द मागे घेतले तरी झालेला घाव पुसला जात नाही. म्हणजे खावटी टाळायला "हिचं बाहेर आहे" असं लिहिणारा नवरा स्वतःच्या हाताने तिच्या केसला कारण पुरवतो. हाच न्याय बायकोने केलेल्या खोट्या आरोपालाही लागतो.

खावटी

इथे माप बदलतं. घटस्फोटाला एक प्रसंग पुरतो. खावटी बंद करायला पुरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (आधीचं १२५) म्हणतं की "व्यभिचारात राहत असलेल्या" बायकोला खावटी नाही. उच्च न्यायालयांनी याचा अर्थ वारंवार लावलाय: चालू असलेलं, सातत्याचं वागणं. कधीकाळी झालेली एक चूक नव्हे. आणि हे सिद्ध करायचं ओझं नवऱ्यावर.

त्याच कलमाची दुसरी बाजू गावात कोणी सांगत नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं किंवा बाई ठेवली असेल, तर बायकोने त्याच्याकडे नांदायला नकार देणं हे न्याय्य कारण धरलं जातं. "मी नांदवायला तयार आहे, ती येत नाही" हा नवऱ्याचा नेहमीचा जबाब तिथे संपतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ ची केस चालू असतानाची खावटी उत्पन्नावर ठरते. तिथे चारित्र्याचा शब्द नाही. कलम २५ ची कायमची खावटी ठरवताना कोर्ट दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि "वर्तन" पाहतं. बाहेरचं प्रकरण इथे वर्तन म्हणून शिरतं. रक्कम थोडी कमी किंवा जास्त होऊ शकते. हुकूमनामा झाल्यावर खावटी घेणाऱ्या बाईचे परपुरुषाशी संबंध सिद्ध झाले तर रक्कम कमी करता किंवा थांबवता येते; खावटी घेणारा नवरा असेल तर त्यालाही तीच अट.

खरं सांगायचं तर खेड्यातली खावटीची केस चारित्र्यावर नाही, उत्पन्नावर हरली जाते. नोकरदाराची पगारपत्रिका असते, कास्तकार म्हणतो, "कोरडवाहू आहे, नापिकी झाली." २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. ते खोडायला कागद हवेत: सातबारा आणि ८-अ, बाजार समितीची किंवा जिनिंगची कापूस-सोयाबीन विक्रीची पावती, पीकविमा आणि पीएम किसानच्या नोंदी असलेलं बँक पासबुक, सोसायटीचं पीककर्ज, संत्र्याचा बगीचा असेल तर व्यापाऱ्याशी झालेला सौदा. समजा पाच एकरांत एकरी पाच क्विंटल म्हणजे पंचवीस क्विंटल कापूस झाला. २०२४-२५ च्या लांब धाग्याच्या ७,५२१ रुपये हमीभावाने ते १,८८,०२५ रुपये होतात. निम्मा खर्च वजा केला तरी महिन्याला साडेसात हजारांच्या पुढे उत्पन्न दिसतं, आणि "काहीच नाही" हे म्हणणं पडतं. वावर सासऱ्याच्या नावावर असेल तर ते वडिलोपार्जित आहे का, हे जुन्या फेरफारांवरून काढावं.

अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, पण २०२० च्या त्याच निकालाप्रमाणे रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळते. कलम १४४ खालची थकबाकी एक वर्षाच्या आत मागावी. तीन-चार वर्षं साठू दिली की जुनी रक्कम त्या मार्गाने बुडते. आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी गोष्ट: कलम २५ मध्ये खावटीसाठी स्थावर मालमत्तेवर बोजा चढवण्याची सोय आहे. हुकूमनाम्यातच ती मागून घ्यावी आणि तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करून घ्यावी. मग वावर गुपचूप विकलं जात नाही.

लेकरं

ताबा ठरवताना एकच कसोटी: लेकराचं हित. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. बाहेरचं प्रकरण हे घटस्फोटाचं कारण असू शकतं, ताबा नाकारण्याचं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. त्या संबंधामुळे मुलाची आबाळ होते, शाळा सुटते, मारहाण होते, हे दाखवलं तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा कोर्ट आबाळ मोजतं, संबंध नाही.

वावर, घर, दागिने

लग्न झालं म्हणून बायकोला नवऱ्याच्या वावरात निम्मा वाटा आपल्याकडे मिळत नाही, मग त्याने दुसरी ठेवलेली असो वा नसो. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचं. माहेरचं मंगळसूत्र, एकदाणी, भांडी, आंदणाची गाय ही तिच्या कोणत्याही वागण्यामुळे नवऱ्याची होत नाहीत. लग्नाची यादी, सोनाराच्या पावत्या, फोटो जपावेत. राहत्या घरातून हाकललं जात असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली निवाऱ्याचा आदेश मागता येतो.

शिक्षा

व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. निव्वळ संबंधांसाठी पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. पहिली बायको असताना दुसरं लग्न लावणं हा मात्र गुन्हा आहे, कलम ८२, सात वर्षांपर्यंत कैद. पहिलं लग्न लपवून केलं तर दहा. इथेही पुरावा लागतो तो विधिवत लग्न लागल्याचा. नुसती "सोबत ठेवली" तर हे कलम लागत नाही. आणि जातपंचायतीने बाईला दंड ठोकला, वाळीत टाकलं, तर २०१६ च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली पंचांनाच तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्टॅम्पपेपरवरची फारकत

बाहेरचं प्रकरण उघड झालं की बैठक बसते, स्टॅम्पपेपर आणतात, फारकत लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात. घटस्फोट म्हणून या कागदाला किंमत नाही. त्या समाजात तशी रूढी जुनी आणि अखंड आहे हे कोर्टात सिद्ध झालं तरच ती फारकत टिकते, आणि ते सिद्ध करणं कठीण असतं. गोंड, कोलाम, कोरकू यांसारख्या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागूच नाही; त्यांच्यात त्यांची रूढी चालते. इतरांनी फारकतीवर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरू शकतं. खरा गोंधळ पंधरा-वीस वर्षांनी होतो: माणूस मेला की वारस नोंदीला पहिली बायको उभी राहते, कायद्याने ती अजून बायकोच असते, आणि जिने आयुष्य काढलं ती दुसरी बाहेर राहते. दुसरीच्या लेकरांना मात्र बापाच्या मालमत्तेत हक्क आहे.

कुठे जायचं

नागपूर, अमरावती, अकोला अशा ठिकाणी कुटुंब न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज होतो. बाई जिथे राहते, म्हणजे माहेरच्या हद्दीतल्या कोर्टातही, ती अर्ज करू शकते. सुनावणी बंद दाराआड होते. गाव ऐकायला बसत नाही. महिलांना घटस्फोट आणि खावटीच्या केसमध्ये महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जासोबत आधार आणि केसचे असतील ते कागद न्यावेत. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करावा.